लिंबू, व्हिनेगर आणि काळी पडलेली चांदीची नाणी: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुनी नाणी जपण्याबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, आणि त्यावर एवढी पत्रं आली की बाकीचे सगळे विषय मागे पडले. त्यातली निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीबद्दल, चांदीची जुनी नाणी घरच्या घरी लिंबाने नाहीतर व्हिनेगरने साफ करता येतात का. म्हटलं एकदाचं सगळं एकत्रच घेऊन टाकू. सारखे प्रश्न एकात मिसळलेत, कुणाचा प्रश्न जसाच्या तसा दिसला नाही तर रागावू नका.

प्रश्न: काका, जुन्या डब्यात चांदीची सात नाणी सापडली, सगळी काळीकुट्ट. लिंबाच्या रसात अर्धा तास बुडवून ठेवली, काही म्हणजे काही फरक नाही. मग व्हिनेगर केलं, तरी तेच. आता रात्रभर ठेवू का, की अजून स्ट्राँग काहीतरी वापरू?

उत्तर: आधी ती नाणी बाहेर काढा, साध्या पाण्याने धुवा आणि मग निवांत पुढचं वाचा.

रात्रभर काय, महिनाभर ठेवलीत तरी तो काळा रंग लिंबाने जाणार नाही, कारण तो मळ नाहीये. चांदी आणि हवेतला गंधक यांचं मिळून जे बनतं, सिल्व्हर सल्फाईड, ते तुम्हाला काळं दिसतंय. हवेत हायड्रोजन सल्फाईड अब्जात काही भाग एवढा जरी असला तरी वर्षानुवर्षात थर चढतो. आणि हे सल्फाईड इतकं हट्टी आहे की लिंबातलं सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड त्याला विरघळवूच शकत नाही. विरघळवणारं ॲसिड आहे, नायट्रिक, पण ते सल्फाईडबरोबर खालची चांदी पण खातं, म्हणजे डाग जाईल आणि नाणंही जाईल. त्यामुळे "अजून स्ट्राँग" हा शब्दच डोक्यातून काढून टाका.

मग लोक म्हणतात लिंबाने चांदी उजळते, ते काय खोटं बोलतात का? नाही, अर्धं खरं आहे ते. चलनातली जुनी नाणी शुद्ध चांदीची जवळपास नसतातच, शुद्ध चांदी मऊ पडते, खिशात झिजून जाईल, म्हणून तिच्यात तांब्याचं हीण घालतात. स्टर्लिंग म्हणजे ९२.५ टक्के चांदी, अमेरिकेचा जुना मॉर्गन डॉलर ९० टक्के, १७८० सालाचा छाप असलेलं ऑस्ट्रियाचं ते प्रसिद्ध मोठं नाणं, मारिया थेरेसा थेलर, ८३.३ टक्के, आणि ब्रिटनने तर १९२० मध्ये आपल्या चांदीच्या नाण्यांत सरळ अर्धीच चांदी ठेवली आणि १९४७ पासून तीही काढून तांबं-निकेल आणलं. आता हे जे हीण आहे ना, तांबं, त्याचे ऑक्साईड, त्याचे हिरवे क्षार, हे सगळं आंबटाला लगेच विरघळतं. म्हणून कमी कसाच्या नाण्यावर जो तपकिरी काळपटपणा असतो त्यातला तांब्याचा वाटा लिंबाने निघून जातो आणि नाणं जरा उजळ वाटतं. वर आपण चोळतो. निम्मं काम चोळण्याचं असतं आणि श्रेय लिंबाला मिळतं.

मी स्वतः बघायचं म्हणून दोन अगदी झिजलेली, काही किंमत नसलेली नाणी घेतली, एक नुसतं काळं आणि एकावर कडेला हिरवा ठिपका. काचेच्या वाटीत १०० मिली डिस्टिल्ड वॉटर, त्यात ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिडची पावडर, दोन्ही सोडली आणि भिंग लावून बसलो. हिरव्या ठिपक्याभोवती मिनिटभरात बारीक बारीक बुडबुडे, कारण तो ठिपका बराचसा तांब्याचा कार्बोनेट असतो, आणि दहा मिनिटांनी कापसाचा बोळा नुसता टेकवला तर निळसर हिरवा होऊन वर आला. काळं नाणं? जसं गेलं तसं आलं. जरा जास्त ओलं, एवढंच.

तर तुमच्या सात नाण्यांवर हिरवं काही नसेल आणि फक्त काळं असेल तर लिंबाचा इथे काही संबंधच नाही. कोमट पाणी, दोन थेंब भांड्याचं लिक्विड, बोटाने हलकेच, मग धुऊन टिपून घ्या, हवेतली धूळ आणि हाताचं तेल निघेल, आणि राहिलेला काळेपणा राहू द्या. खोलगट भागात काळं आणि उंच भागात चांदी, अशी नाणी मला तरी वाचायला सोपी जातात, अक्षरं उठून दिसतात.

प्रश्न: माझ्या नाण्यांवर हिरवे डाग आहेत. काही ठिकाणी कोरडे आणि काही ठिकाणी चिकट. याला पण लिंबू नको का?

उत्तर: याला चालेल, पण चिकट आणि कोरडं हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांना एकच औषध देऊ नका.

चिकट हिरवं आधी. ही नाणी मऊ, लवचिक प्लॅस्टिकच्या पाकिटात होती का? बहुतेक होतीच. ते प्लॅस्टिक पीव्हीसीचं असतं, मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ मिसळलेला असतो आणि वर्षं गेली की तो पाझरतो, शिवाय पीव्हीसी मोडताना हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडतं ते हिणातल्या तांब्याला पकडतं. त्यातून तो हिरवा चिकटा होतो. तो लिंबाने जात नाही, ॲसिटोनने जातो. शुद्ध ॲसिटोन हं, नखांचं सुगंधी रिमूव्हर नाही, त्यात तेल आणि रंग असतात. काचेच्या झाकणाच्या बरणीत नाणं बुडेल एवढं घ्यायचं, काही मिनिटं ठेवायचं, मग दुसऱ्या ताज्या ॲसिटोनमध्ये परत एकदा, आणि उचलून तसंच वाळू द्यायचं, चोळायचं नाही. ॲसिटोन चांदीलाही काही करत नाही आणि तांब्यालाही. फक्त खिडकी उघडी, आणि गॅस, देवाचा दिवा, सिगरेट काही म्हणजे काही जवळ नको, त्याची वाफ झटकन पेट घेते. बरणी पण काचेचीच, बरंचसं प्लॅस्टिक ॲसिटोनमध्ये विरघळतं आणि तेच पातळ होऊन तुमच्या नाण्यावर बसेल.

आता कोरडं, खडूसारखं हिरवं, जुनी माणसं ज्याला जंगाल म्हणतात. इथे आंबट कामाचं. मी सायट्रिक पावडर घेतो, लिंबाचा रस नाही, कारण रसात साखर असते, गर असतो, आणि किती आंबट आहे ते प्रत्येक लिंबागणिक वेगळं. वर सांगितलंय तेच प्रमाण, १०० मिलीला ५ ग्रॅम. पावडर नसेल तर साधं पांढरं व्हिनेगर, तेही साधारण ५ टक्क्यांचंच असतं. आधी ॲसिटोन नाहीतर साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा, नाहीतर ॲसिड काही जागी लागतं आणि काही जागी लागत नाही, आणि नाणं चट्टेरी होतं. मग अख्खं नाणं बुडवण्यापेक्षा कापसाच्या काडीने फक्त डागावर लावा, दोन मिनिटं थांबा, टिपा, परत लावा. कंटाळवाणं आहे, माहितीये. पण अख्खं बुडवलं की ॲसिड फक्त डाग खात बसत नाही, सगळ्या पृष्ठभागावर जिथे जिथे तांब्याचा ऑक्साईड आहे तिथून तो काढत जातं, हवा मिळत राहिली तर हळूहळू तांबंही काढतं, आणि नाणं पांढरटसर, मंद, चुन्यासारखं दिसायला लागतं.

डाग गेला की डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुवायचं, मग चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यात मिनिटभर, म्हणजे खाचांत अडकलेलं ॲसिड मरतं, मग परत डिस्टिल्ड वॉटर दोनदा. नळाचं पाणी शेवटी नको, त्यात क्लोरीन नाहीतर क्लोराईड असतं. वाळवताना मऊ सुती कपड्यावर ठेवून वरून दाबायचं. दाबायचं. पुसायचं नाही.

आणि एक, डागाखाली बहुतेक खड्डा असणारच आहे. हिरवं गेल्यावर खड्डा दिसला की लोक म्हणतात ॲसिडने खड्डा पाडला. ॲसिडने नाही पाडला, तो आधीपासून होता, हिरव्याने भरलेला होता म्हणून दिसत नव्हता.

प्रश्न: व्हिनेगरमध्ये ठेवलेलं चांदीचं नाणं चक्क गुलाबी झालं!! नकली आहे का?

उत्तर: नकली असेलच असं नाही. मला एक सांगा, वाटी कसली होती आणि नाणं कशाने काढलंत? स्टीलचा चिमटा, लोखंडी क्लिप, खिळा, असलं काहीतरी त्या वाटीत होतं ना?

होतं काय की व्हिनेगरने हिणातलं थोडं तांबं विरघळवलं, ते पाण्यात आलं. नुसती चांदी असती तर ते तांबं पाण्यातच राहिलं असतं, कारण चांदी तांब्यापेक्षा जास्त निवांत धातू. पण लोखंड त्या दोघांपेक्षा चळवळ्या, ते विरघळायला लागतं आणि त्याचे इलेक्ट्रॉन नाण्यातून जाऊन पाण्यातलं तांबं परत धातू बनवून नाण्यावरच बसवतात. म्हणजे घरबसल्या तुम्ही नाण्याला तांब्याचा मुलामा दिलात. चांदीचे दागिने घडवणारे ॲसिडच्या भांड्यात लोखंडी सांडशी घालू देत नाहीत ते याचसाठी, तांब्याची नाहीतर लाकडाची वापरतात.

मुलामा अगदी पातळ असतो. ताजं सायट्रिकचं पाणी, काचेची वाटी, प्लॅस्टिकचा चिमटा, आणि काही न करता ठेवलं तर बऱ्याचदा हळूहळू फिका पडतो. पूर्ण जाईलच असं नाही. घासू नका मात्र, कारण घासून तुम्ही तांब्यापाठोपाठ चांदी पण काढाल. दुसरी शक्यता, नाण्याची वरची चांदीच झिजलेली आहे आणि आतलं तांबट हीण वर आलंय, मग तो नाण्याचा स्वतःचा रंग, त्याला इलाज नाही.

प्रश्न: लिंबू आणि मीठ चोळल्यावर छान चमकतं असं ऐकलंय.

उत्तर: चमकतं, दोन दिवस. मीठ म्हणजे क्लोराईड, आंबटाच्या जोडीला क्लोराईड आलं की तांबं दुप्पट जोरात सुटतं आणि चांदीवर सिल्व्हर क्लोराईडचा पातळ थर बसू शकतो, आणि सिल्व्हर क्लोराईड उजेडात काळपट जांभळं होतं. फिल्मवाल्या जुन्या फोटोग्राफीचा सगळा डोलारा चांदीच्या असल्याच क्षारांवर उभा होता. शिवाय मिठाचा दाणा चोळताना ओरखडे काढतो. मी कॉलेजात असताना हेच केलंय, एक बऱ्यापैकी नाणं लिंबू-मिठात रात्रभर ठेवलं, सकाळी राखाडी, ठिपकेदार, दातात वाळू घेतल्यासारखं खरखरीत. ते अजून माझ्याकडे आहे, टेबलावर पेपरवेट म्हणून.

टूथपेस्टबद्दल पण चार जणांनी विचारलंय, तेही नाही. कठीणता मोजायचं मोहस् नावाचं एक ते दहाचं माप असतं, त्यावर चांदी अडीच, टूथपेस्टमध्ये खडूची जी भुकटी असते ती तीन, आणि सिलिका असेल तर अजून वर. प्रत्येक फेरीला केसासारख्या रेषा पडतात. दिव्याखाली नाणं तिरकं धरून फिरवा, सगळ्या रेषा एकाच दिशेने दिसल्या की समजायचं कुणीतरी कपड्याने घासलंय, आणि विकत घेणारा पण हेच बघतो.

प्रश्न: ॲल्युमिनियम फॉइल, गरम पाणी आणि खायचा सोडा. हे तर ॲसिड पण नाही, मग याला काय हरकत?

उत्तर: ही आलेल्या प्रश्नांतली सगळ्यात हुशार रीत, मानलं. इथे काही विरघळवत नाही आपण, उलट करतो. ॲल्युमिनियम सल्फाईडमधल्या चांदीला इलेक्ट्रॉन देतं, चांदी परत चांदी होऊन जागेवर बसते, गंधक सुटतो, आणि सडक्या अंड्याचा जो वास येतो ना तो हाच, हायड्रोजन सल्फाईडचा. सोड्याचं काम फॉइलवरचा ऑक्साईडचा पापुद्रा काढायचं आणि पाण्यातून वीज वाहू द्यायचं. नाणं फॉइलला टेकलेलं हवं, हे पुष्कळ जण विसरतात, आणि मग म्हणतात चालत नाही.

पण परत आलेली चांदी पहिल्यासारखी घट्ट बसत नाही, भुसभुशीत, सूक्ष्म छिद्रांची बसते. म्हणून नाणं पांढरं फटक पण निस्तेज दिसतं आणि पुन्हा काळं लवकर पडतं. चमच्याला करा, ताटाला करा, पैंजणाला करा, जिथे नंतर पॉलिश होणार आहे. नाण्याला नको. नाण्याची जी मूळ लकाकी असते ती टांकसाळीत छाप मारताना धातू बाहेरच्या बाजूला सरकतो त्याच्या अतिसूक्ष्म रेषांची असते, नाणं फिरवलं की उजेड गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो तो त्यामुळे. त्या रेषा एकदा भरल्या किंवा खाल्ल्या गेल्या की परत येत नाहीत. कुठलंच पॉलिश त्या परत आणत नाही.

बाजारात मिळणाऱ्या चांदीच्या "डिप"चंही तसंच, त्यात थायोयुरिया आणि ॲसिड असतं, काळं खरोखर सेकंदात जातं कारण थायोयुरिया चांदीलाच पकडून पाण्यात नेतो, म्हणजे दर बुडीला चांदीचा एक पापुद्रा कमी. एकदा, पाच सेकंद, जाणकाराच्या हाताने, ठीक. पाचव्यांदा बुडवलेलं नाणं लांबून ओळखू येतं. आणि हातमोजे घाला, थायोयुरियाबद्दल कॅन्सरचा संशय आहे.

प्रश्न: गंमत म्हणून विचारतो, टांकसाळीत तर नाणी ॲसिडनेच धुवायचे ना पूर्वी?

उत्तर: गंमत नाही, बरोबर विचारलंत! छाप मारायच्या आधीच्या चकत्या तापवल्या की वरचं तांबं ऑक्साईड होऊन काळं पडायचं, मग त्या आंबट पाण्यात, पूर्वी दारूच्या पिंपात बसणाऱ्या टार्टरच्या खारात नाहीतर पुढे पातळ सल्फ्युरिकमध्ये उकळायच्या. वरचं तांबं निघून गेलं की नाण्याच्या अंगावर जवळजवळ शुद्ध चांदीची एक पातळ साल उरायची आणि कमी कसाचं नाणंही पांढरंशुभ्र निघायचं. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातली रोमन नाणी घ्या, चांदी ५ टक्क्यांच्याही खाली गेलेली, म्हणजे तांब्याचंच नाणं म्हणा ना, पण टांकसाळीतून बाहेर पडताना रुपेरी.

आणि म्हणूनच असल्या नाण्यांना आपण घरी ॲसिड लावायचं नसतं. त्यांनी ॲसिड छापाच्या आधी लावलं, आपण नंतर लावतो. ती साल आज कागदापेक्षा पातळ उरलेली असते, जागोजागी फाटलेली, ॲसिड त्या भेगांतून आत शिरतं, खालचं तांबं पोखरतं, आणि साल वरून पोपड्यासारखी निघून येते. रोमन नाणं लिंबात टाकून सम्राटाचा चेहराच वाटीत उतरलेला मी पाहिलाय. ५० टक्केवाली विसाव्या शतकातली नाणी इतकी नाजूक नसतात पण पांढरी चट्टेरी होतात तीही.

प्रश्न: जमिनीतून निघालेलं नाणं आहे, वर राखाडी जांभळट, मेणासारखा थर. व्हिनेगर चालेल? कुणीतरी अमोनिया सांगितला.

उत्तर: दोन्ही नाही. तो थर बहुतेक सिल्व्हर क्लोराईडचा, मातीतल्या खारामुळे झालेला. बऱ्याचदा नाण्यावरची अक्षरं धातूत उरलेलीच नसतात, त्या थरातच असतात. थर काढला की हातात कोरी चकती. शिवाय पुरलेली चांदी ठिसूळ झालेली असते, बोटाने वाकवून बघायला जाल आणि दोन तुकडे होतील. व्हिनेगर याला काही करतच नाही, आणि अमोनिया क्लोराईड विरघळवतो हे खरं, पण चांदी विरघळलेला अमोनिया तसाच ठेवला, वाळू दिला, तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो, नुसत्या धक्क्याने उडणारा. घरात हा खेळ नको. संग्रहालयाच्या संवर्धन विभागात दाखवा. आणि जमिनीतून निघालेलं असेल तर ते कुणाला कळवायचं याचे कायदे असतात, तेही बघून घ्या.

याच ओघात, एका ताईंनी व्हिनेगरने झालं नाही म्हणून त्यातच ब्लीच ओतलं असं लिहिलंय. ताई, असं पुन्हा करू नका. ब्लीच आणि कुठलंही आंबट एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. आणि ब्लीच चांदीला काळंच करतं, उजळ नाही.

प्रश्न: नाण्याच्या कडेला पिवळा, मग तांबूस, मग निळा असे रंग आलेत, इंद्रधनुष्यासारखे. काढून टाकू?

उत्तर: हात लावू नका! तोच सल्फाईड आहे, फक्त थर अजून पातळ आहे. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तसं, थराच्या जाडीप्रमाणे रंग बदलतो, पिवळ्यापासून सुरू होऊन तांबूस, जांभळा, निळा आणि जाड झाला की काळा. संग्राहक असल्या नाण्यांना उलट जास्त मान देतात. १ ते ७० आकड्यांत ग्रेड देणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांच्याकडे घासलेलं, ॲसिड लावलेलं नाणं गेलं तर साधारणपणे आकडाच मिळत नाही, नुसतं "डिटेल्स, क्लीन्ड" असं लिहून परत येतं.

प्रश्न: मुळात नाणं चांदीचं आहे का हे ॲसिड न लावता कसं बघू?

उत्तर: पाण्याने. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा. आधी नाण्याचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही असं धरा. जो आकडा दिसेल त्याने पहिल्या वजनाला भागा. मॉर्गन डॉलरचं वजन २६.७३ ग्रॅम, पाण्यात धरल्यावर काटा साधारण २.५९ दाखवेल, भागाकार १०.३, हा ९० टक्के चांदीचा आकडा. तेवढ्याच वजनाचं तांबं-निकेलचं नाणं असेल तर काटा ३ च्या आसपास जाईल आणि भागाकार ८.९ येईल. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून टाका, त्यांच्यामुळे आकडा चुकतो, माझा पहिल्यांदा त्यानेच चुकला होता आणि मी चांगलं नाणं नकली ठरवून बसलो होतो. लोहचुंबकाला चिकटलं तर मग एवढं करायचीही गरज नाही, चांदी चिकटत नाही.

प्रश्न: साफ केल्यावर परत किती दिवसांनी साफ करायचं?

उत्तर: परत करायचंच नाही, ठेवायचं नीट. पॉलिएस्टरची पाकिटं नाहीतर ॲक्रिलिकची गोल डबी, सोबत सिलिका जेलची पुडी. रबर बँड नाही, त्यात गंधक असतो, बँडची आख्खी रेघ नाण्यावर उमटते. लोकर, फेल्ट, वर्तमानपत्राचा कागद, लाकडाचं ताजं कपाट, हेही नको. धरताना कडेने धरा, अंगठ्याचा ठसा आज दिसत नाही, सहा महिन्यांनी तपकिरी होऊन दिसतो आणि मग तो लिंबानेही जात नाही.